ओढगरीची काठी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुखरू ओट्यावर जाळं शिवत बसला होता. हातातली सुई खाली पडली, आणि ती उचलायला हात गेला नाही. कमळा समोरच धान पाखडत होती. तिला वाटलं, मुंग्या आल्या असतील. मुखरू सुईकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखाद्या झोपलेल्या पोराला उचलून ठेवावं तसा.

लकवा होता. पाय महिनाभरात वळणावर आला, बोलणंही बरंच सुधारलं. हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. दवाखान्यात सांगितलं होतं, चेंडू दाबायला द्या. कमळाने चिंध्यांचा घट्ट चेंडू करून दिला. मुखरूने तो दोन दिवस मांडीवर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी कोंबडीला फेकून मारला, डाव्या हाताने.

जाळं खुंटीला गेलं. फेकजाळ्याला दोन हात लागतात. एका हातात आणि दातांत घड्या धरायच्या, दुसऱ्याने घेर झोकायचा. मुखरूचं जाळं पाण्यावर पडायचं ते ताटासारखं गोल. बेलघाटच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या त्या वस्तीत, तसं जाळं दुसऱ्या कुणाचं पडत नसे. आता त्या जाळ्यात कोळ्याने घर केलं होतं, आणि कमळा ते झटकायला धजत नव्हती.

धान घरात आलं, शेताच्या बांधीत लाखोळीचं पीक वर आलं, वैनगंगेचं पाणी निवळलं. तेव्हा एका संध्याकाळी वारलू आला. वारलू म्हणजे मुखरूचा चुलत भाऊ. दोन मोठे मुलगे आणि स्वतःचा एकच लहानसा डोह. तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. भावाच्या बरोबरीने तो कधीच बसत नसे.

"भाऊ, कसा हाय हात?"

"हाय लटकून. कुठी जाते तो?"

वारलू हसला नाही. तंबाखू चोळत राहिला. "माघ पुनव जवळ आली. औंदा जांभूळडोह कोन पाहीन?"

"काऊन? मी मेलो का?"

"तसं कोन म्हनते? मी म्हनलो, तुमी सांगसान तं मी पाहून घेतो. मासोळी घरी पोचवत जाईन. हिस्सा तुमचा."

 कमळाने आत चुलीवरचं आंधण उतरवलं आणि दाराशी येऊन उभी राहिली.

नदी उतरली की बेलघाटसमोर वाळू उघडी पडते आणि मध्ये मध्ये डोह राहतात. एकेका डोहावर एकेका घराचा डोंगा. पण डोह घराच्या नावावर नसतो. माघ पुनवेला सकाळी सगळे डोंगे पाण्यात जातात, आणि सूर्य काठावरच्या मोठ्या जांभळीवर आला की टोलीतला सगळ्यांत म्हातारा माणूस घाटावरून एकेका डोहाचं नाव पुकारतो. ज्याच्या हातात त्या वेळी जाळं किंवा गरी, म्हणजे गळ, असेल त्याने आपलं नाव सांगायचं. त्या वर्षी डोह त्याचा. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत कुणी ओ दिली नाही तर डोह भावकीत दुसऱ्याला जातो, आणि एकदा गेलेला डोह परत आलेला कमळाने तरी पाहिला नव्हता. मुखरूला मुलगा नव्हता. एक मुलगी, स्वाती, सिंदेवाहीकडे दिलेली.

वारलू गेला. कमळाने ताट आणून ठेवलं. भाताचा घास डाव्या हाताने करायला तो अजून शिकत होता. अर्धी शितं ताटाबाहेर पडत आणि ती वेचायला तो कमळाला हात लावू देत नसे.

"माहा बाप ओढगरी टाकत होता," तो एकाएकी म्हणाला.

"कोनती?"

"ओढगरी. जाळं नाई, काई नाई. डोंगा हळूहळू चालवाचा. मांगं काठी बांधून गरी सोडाची. मासोळी पान्यात धावते तशी ते गरी धावते. मोठा मासा, शिवडा, येते तिच्या मांगं. पुरा डोह फिराचा असा." डाव्या हाताने त्याने ताटाभोवती घेर दाखवला. "काठी धराले एक हात पुरते."

"अन् डोंगा कोन चालवन?"

मुखरूने घास तोंडात घातला. चावत राहिला. या प्रश्नापाशी तोही येऊन थांबला होता, हे तिला दिसलं.

"मी चालवीन," कमळा म्हणाली.

ढिवरांच्या बायका मासळी विकतात, सुकवतात, बांधीच्या पाण्यात झिंगे धरतात, नदी पार करायला डोंग्यात बसतात. डोहावर डोंगा चालवलेली बाई बेलघाटात नव्हती. तसा नियम कुणी केलेला नव्हता, तशी वेळच कुणावर आली नव्हती.

"हासतीन लोक," मुखरू म्हणाला.

"हासू द्या. हासल्यानं डोंगा बुडते का?"

*

काठीसाठी ते धानोऱ्याकडच्या जंगलात गेले, पौषाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात. उजेड्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो म्हणतात. कोसमटोल्यात सोमारी राहायची. कमळाची बाजारातली मैत्रीण. कमळा तिला सुके झिंगे द्यायची, सोमारी तिला मोहफुलं आणि चारोळी. सोमारीच्या गावच्या ग्रामसभेची बांबूतोड चालू होती, आणि त्या हंगामात ती तोडलेला बांबू मोजून बिंडे बांधायच्या कामावर होती.

एसटीतून उतरल्यावर चालत जायला बराच वेळ लागला. मुखरूचा उजवा पाय माती घासत होता. कमळा त्याच्या डाव्या बाजूने चालत होती, कारण उजव्या बाजूने चाललं की तो म्हणायचा, "मले काऊन धरून राह्यली? पडून राह्यलो का मी?"

सोमारीने त्यांना रांजीपाशी नेलं. रांजी म्हणजे बांबूचं बेट. एका मुळातून निघालेले चाळीस-पन्नास बांबू एकमेकांना खेटून उभे. थंडीने पानं पिवळी पडली होती आणि वारा नसतानाही वर कुठेतरी बांबूवर बांबू घासल्याचा आवाज येत होता.

"कायले पायजे?" सोमारीने विचारलं.

"गरीची काठी. ओढगरीची," मुखरू म्हणाला.

"हात कोनाचा?"

"माहा."

सोमारीने त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे कमळाच्या लक्षात आलं. ती एका हिरव्या, बोटभर जाड बांबूपाशी गेली आणि नखाने त्याचं कांड टोचलं. "हा घ्या. भरीव हाय, आत पोकळ नाई. तीन पावसाळे खाल्लेला. वाकीन पन तुटनार नाई."

मुखरूने तो हलवून पाहिला. शेंडा लवलवला. "हा तं वाकडा हाय. अन् ओला. वाळाले दोन महिने लागतीन याले. पुनव आता येते."

त्याची नजर पलीकडे गेली होती. तिथे एक रांजी पूर्ण वाळून उभी होती. एकही पान नाही. बांबू मात्र सरळसोट, सोन्याच्या रंगाचे, उन्हात चकचकणारे. मुखरू पाय ओढत तिकडे गेला. एक बांबू डाव्या मुठीत धरून त्याने जमिनीवर आपटला. ठण्ण आवाज आला.

"हे पाय. एकदम वाळेल. आज नेली अन् उद्या पान्यात."

"ते फुललं होतं, भाऊ," सोमारी म्हणाली. "पोरसाल फुललं. बी खाल्लं आमी त्याचं, भात केला. फुललं म्हंजे मेलं ते. आमी त्याचा कुडही बांधत नाई."

"मले कुड नाई बांधाचा."

"मेलेल्यात जोर नसते."

"दाबून पाय ना. हालते का?"

खरंच हलत नव्हता. काठीवर अंगाचा भार टाकला तरी ती तशीच ताठ. जाळ्याच्या माणसाला ताठ काठी आवडली तर त्यात नवल नव्हतं. डोंगा रेटायचा बांबू ताठ लागतो, जाळं वाळवायचे खांब ताठ लागतात. मुखरूने आयुष्यभर बांबू निवडले होते ते याच कसोटीवर. कमळा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. पोळ्यापासून पहिल्यांदा तो कशाला तरी हात लावून खूश झाला होता.

"घेऊन टाका," ती म्हणाली.

 सोमारीने कोयत्याने वाळला बांबू तोडला. एकाच घावात तुटला तो. मुखरू त्याच्या काड्या साफ करत बसला तेव्हा सोमारीने कमळाला मघाच्या हिरव्या बांबूपाशी नेलं, तो बुडातून तोडला आणि तिच्या हातात दिला.

"धर. अशी नाई. मनगट मोकळं सोड. भारी वाटते का?"

"नाई."

"शेंडा कुठी हाय, डोळे मिटून सांग."

कमळाने डोळे मिटले. काठी हातात किंचित थरथरत होती, आणि त्या थरथरीत शेंड्यावरच्या पानाची एकेक हालचाल तळहातापर्यंत येत होती. तिने बोट करून दाखवलं.

"इंगो," सोमारी म्हणाली. म्हणजे हो. "हे तुयी."

"मी का करू? मले तं डोंगा चालवाचा हाय."

"वालाच्या वेलाले लावजो मंग," सोमारी म्हणाली आणि कोयता कमरेला खोचून पुढे झाली.

एसटीच्या टपावर दोन्ही काठ्या बांधल्या. मुखरूने विचारलं, "हे वाकडी कायले?"

"वालाच्या वेलाले."

"मंग ठीक."

*

हिरवी काठी कमळाने चुलीच्या वर, धुरात, आडवी टांगली. रोज सकाळी भात शिजल्यावर निखारे ओढून त्यावर ती फिरवायची, एकेक पेर गरम करायची, पायाखाली दाबून बाक काढायची आणि जवसाचं तेल फडक्याने चोळायची. बांबूतून पाणी फसफसत बाहेर यायचं. ओल्या पानांचा गोडसर वास घरभर व्हायचा. थोडा बाक मात्र शेंड्याला राहिलाच, तो कितीही दाबला तरी परत यायचा.

"काठी भाजून राह्यली का भाकर?" मुखरू ओट्यावरून विचारायचा.

"तुमाले काई घालत नाई जेवाले, चूप बसा."

एकदा तो नदीवर गेला असताना तिने दोन्ही काठ्या ओट्याच्या कडेला बुडावर दगड ठेवून आडव्या लावल्या आणि दोन्हींच्या शेंड्यांना पाण्याने भरलेला एकेक तांब्या टांगला. मुखरूची काठी जेमतेम वाकली, आणि बुडाशी ठेवलेला दगड सरकला. दुसरी कमान होऊन खाली गेली, तांब्या जमिनीपासून वीतभर वर थांबला, आणि दगड जागचा हलला नाही. तिने तांब्याला हिसका देऊन पाहिला. ताठ काठीवरचा दगड कलंडून पडला. वाकणाऱ्या काठीने हिसका आपल्यात घेतला आणि वर-खाली होत हळूहळू सोडून दिला.

कमळा पडलेल्या दगडाकडे बघत उभी राहिली. तो मुखरूचा हात होता.

रात्री जेवताना तिने विषय काढला. "ते दुसरी पन घेऊन जाऊ संगं. असू द्या."

"काऊन?"

"वाकते ते."

"वाकते तेच तं." मुखरूचा घास थांबला. "वाकनारी काठी शेळ्या हाकाले. मले लुळी काठी कायले? एक लुळं हाय ना घरात."

 काठी वाकणारी हवी असं म्हणणं म्हणजे हात गेला असं म्हणणं होतं, आणि ते दवाखान्यातल्या लोकांनी म्हटलं होतं, वारलूने न म्हणता म्हटलं होतं. तिने म्हणू नये म्हणून तो तिच्याकडे पाहत होता.

"चटणी वाढू का?" तिने विचारलं.

*

डोंगा चालवणं तिला वाटलं तितकं सोपं नव्हतं. आंब्याच्या अख्ख्या खोडाचा तो कोरलेला डोंगा. दोन्ही टोकं सारखी, रुंदी एका माणसाच्या बैठकीएवढी. त्यात बाजूबाजूला बसता येत नाही, आणि एकदा बसल्यावर जागा बदलायला उठलं तर डोंगा उलटतो. पुढच्या टोकाला कमळा बसे, पुढे तोंड करून, हातात वल्हं. मागच्या टोकाला मुखरू, मागे तोंड करून, गरीकडे. दोघांच्या पाठी एकमेकांकडे.

पहाटे पाण्यावर वाफ असायची. ती घाटावर डोंगा धरून उभी राहायची, कमरेपर्यंत गार पाण्यात, लुगड्याचा काचा घट्ट मारून. मुखरू तिच्या खांद्यावर डावा हात ठेवून आत चढायचा. उजवा हात मागे राहायचा, तो ती उचलून आत ठेवायची. त्या वेळी तो दुसरीकडे बघायचा.

"हळू," पाठीमागून त्याचा आवाज यायचा. "धावत काऊन सुटली? कोनी मांगं लागलं का? मासोळीच्या चालीनं चाल. नाई, आता लयच हळू झालं. दोरा बसून राह्यला खाली."

"तुमी सांगा ना मंग कसं."

"पान्याले मारू नको. ढकल. झोपलेल्या पोराचा पाळना ढकलते तसं."

तिच्या तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर तिने हळद बांधली. खांदे इतके दुखायचे की बाजाराला जाताना डोक्यावर सुक्या झिंग्यांची टोपली ठेवायला तिला शेजारणीला हाक मारावी लागे. शेजारीण रीना. एकदा यांचा डोंगा घाटावरून निघाला तेव्हा ती भांडी घासता घासता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काऊन वो कमळाबाई, नवऱ्याले हवा खिलवून राह्यली का डोंग्यात?"

बायका हसल्या. कमळाही हसली. "तुया नवरा तं कोनी फुकटात दिला तरी डोंग्यात घेनार नाई, रीना. बुडवून टाकीन तो."

मग हशा तिकडे वळला. पण मुखरूची पाठ तिच्या पाठीमागे ताठ झाली होती, ते तिला डोंग्याच्या डुलण्यावरून कळलं. 

पुनवेपर्यंत तिला डोह कळायला लागला होता. जांभळीच्या मुळांखाली पाणी काळं दिसे, तिथे खोल होतं. मधे एक खडक होता, त्यावरून गेलं की वल्ह्याचा आवाज बदलायचा. मुखरू ते सगळं पाठ करून तिकडे न बघता सांगायचा. गरीला मात्र काही लागलं नव्हतं. दोन-तीनदा दोरा ठणकला आणि सुटला.

*

माघ पुनवेला टोलीतली सगळी माणसं घाटावर होती. गंगामायला कुंकू लावलं, नारळ फोडला, मोहाचे चार थेंब पाण्यात सोडले. बिरजूबा, टोलीतला सगळ्यांत म्हातारा, घोंगडं पांघरून दगडावर बसला होता. आजचा पुकारा त्याचा.

कमळाने डोंग्याच्या तळाशी आधी हिरवी काठी ठेवली. आता ती हिरवी नव्हती, धुराने मधासारखी झाली होती. तिला तंगुसाचा चिवट दोरा आणि गरी लावून ती तयार ठेवली होती. मुखरूने पाहिलं.

"वालाच्या वेलाचं का झालं?"

"औंदा वाल लावला नाई."

तो चढला. ती चढली. डोंगे एकेक करून आपापल्या डोहाकडे गेले. वारलूचा डोह शेजारचाच. तो जाळं खांद्यावर घेऊन आपल्या डोंग्यात उभा होता. तरुणपणी मुखरूही असाच उभा राहायचा.

मुखरूने गरीला बोटभर चांदीसारखी मासोळी अडकवली आणि ताठ पिवळी काठी मागच्या टोकाशी खोबणीत टेकवून डाव्या हाताने धरली. कमळा ढकलायला लागली. पाण्याला न मारता. वल्ह्याखालून बारीक भोवरे निघून मागे जात होते. ऊन पलीकडच्या वाळूवर आलं. जांभळीच्या अर्ध्यापर्यंत आलं.

"चालू दे असंच," मुखरू म्हणाला. "बराबर हाय."

दुसऱ्या फेरीला, काळ्या पाण्यावरून जाताना, डोंगा एकदम मागून धरल्यासारखा थांबला. "लागला!" मुखरू ओरडला. कमळाला मागे बघता येत नव्हतं. तिला फक्त कळत होतं, की मागचं टोक खाली बसलं, पाणी काठावरून आत आलं, तिच्या तळपायाला गार लागलं. मुखरूचा श्वास दातांतून येत होता. मग आवाज झाला, वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. डोंगा एका झटक्यात मोकळा झाला.

तिने मान वळवली. मुखरूच्या हातात बुडाकडचा हातभर तुकडा होता. बाकीची काठी दोऱ्यासकट काळ्या पाण्यात ओढली जात होती, एकदा वर आली, पिवळी चमकली आणि दिसेनाशी झाली. मोडलेल्या कपच्यांनी त्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडला होता. रक्त बोटांवरून डोंग्यातल्या पाण्यात गळत होतं. त्याला ते माहीत नव्हतं.

"तुमचा हात," ती म्हणाली.

त्याने डाव्या हाताकडे पाहिलं.

वारलूचा डोंगा जवळ आला होता. "भाऊ," तो म्हणाला, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "बस झालं आता. काठाले लागा. मी हाय ना." त्याच्या आवाजात खरीच माया होती. तो हसला असता तर मुखरूला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

सूर्य जांभळीवर आला आणि घाटावरून बिरजूबाचा पुकारा सुरू झाला. सर्वांत वरचा डोह आधी.

"वाघडोह!"

"मी, दयाराम!"

कमळाने पायाखालची काठी उचलली आणि पाठीमागे, न बघता, त्याच्याकडे केली. काही क्षण तिचा हात तसाच राहिला. मग काठीचं दुसरं टोक धरलं गेल्याचं तिला जाणवलं. धरलेला हात कापत होता. तिने तांदूळ निवडावेत तसा तो कंप निवडून पाहिला. थंडीचा नव्हता, भीतीचा नव्हता. हिसक्याने दमलेल्या स्नायूंचा होता. डाव्या हातातही आता आणखी एक हिसका पेलण्याएवढा जोर नव्हता.

"खडकडोह!"

"मी, अश्विन!"

काठी परत तिच्याकडे ढकलली गेली.

"वल्हं इकडं दे," मुखरू म्हणाला.

"का?"

"वल्हं दे म्हनलं. काठी तू धर."

"अवो, पुकारा चालू हाय."

"मले आयकू येते. कान नाई गेले माहे."

तिने वल्हं मागे दिलं. मुखरूने दांड्याचं वरचं टोक डाव्या काखेत दाबलं आणि खालच्या अंगाला हात घातला. कुणालाच उठावं लागलं नाही, कुणालाच वळावं लागलं नाही. दोन्ही टोकं सारखीच असलेला तो डोंगा फक्त उलटा चालू लागला. मुखरूचं टोक पुढे झालं, कमळाचं मागे. ती जिकडे तोंड करून बसली होती तिकडे आता सोडलेलं पाणी होतं. डोंग्यातली एक मासोळी अडकवून तिने गरी पाण्यात टाकली.

डोंगा सरळ जात नव्हता. एकाच बाजूने वल्हं पडत होतं, त्यामुळे तो उजवीकडे वळत वळत चालला होता.

"वाकडा चालून राह्यला," मुखरू दम लागलेल्या आवाजात म्हणाला.

"चालू द्या."

वळणावर दोरा सैल पडायचा आणि गरी खोल बसायची. पुन्हा वल्हं पडलं की ती वर उठून धावायची. काठीच्या शेंड्यावरून ते सगळं तिच्या मनगटात येत होतं. खोल कुठे, खडक कुठे, मुळं कुठे. इतके दिवस ती पाण्याच्या वर होती.

"जांभूळडोह!"

 पाठीमागे वल्हं थांबलं.

"जांभूळडोह!" बिरजूबाने दुसऱ्यांदा पुकारलं. घाटावरची माणसं उठून उभी राहिली होती. वारलूने जाळं खांद्यावरून खाली घेतलं नव्हतं. तो खाली पाण्याकडे बघत होता.

"कमळा!" मुखरू ओरडला.

घाटावर कुजबुज झाली. बिरजूबाने कानामागे हात धरला. "कोन?"

"कमळा म्हनलं, बिरजूबा! काठी तिच्या हाती हाय. दिसून नाई राह्यलं का?"

"मंग तू काऊन बोलून राह्यला गा? ज्याच्या हाती गरी, त्याचं तोंड!"

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. मग घाटावर इतकं शांत झालं, की मुखरूच्या बोटांवरून गळणारं पाणी-रक्त डोंग्यात टपकल्याचं कमळाला ऐकू येत होतं.

"जांभूळडोह!"

आठवडी बाजारात अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असा कमळाचा आवाज होता. झिंगे घ्या, सुके झिंगे घ्या, अशी हाक ती लग्न होऊन आल्यापासून घालत आली होती. स्वतःचं नाव मात्र तिने कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. बायकांची नावं दुसरे घेतात.  तिने काठीवरची मूठ किंचित सैल केली, सोमारीने सांगितलं होतं तशी.

"मी!" ती ओरडली. "मी, कमळा!"

आवाज पलीकडच्या वाळूवर जाऊन परत आला.  बिरजूबाने घोंगडं खांद्यावर सारखं केलं. एका बाजूला थुंकला.

"रेतीडोह!" त्याने पुकारलं.

"मी, वारलू!" शेजारून आवाज आला, जरा उशिरा.

मुखरूने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. ढकललं. डोंगा जांभळीच्या सावलीत शिरून उजवीकडे वळू लागला. त्याचा श्वास तिला पाठीवर ऐकू येत होता.

"हळू," कमळा म्हणाली. "खडक आला."

वल्हं हळू झालं. दोरा सैल पडला, बसला, पुन्हा ताणला. तिच्या हातातली काठी शेंड्यापासून वाकत गेली.